संगणक झोपवणारा कोड कसा तपासावा : लिनक्स कर्नेलमधील एका जुन्या प्रश्नाचा आढावा

झाकण मिटले की लॅपटॉप झोपतो आणि उघडले की काम जिथे थांबले होते तिथूनच पुढे सुरू होते. वापरणाऱ्याला एवढेच दिसते. कर्नेलला मात्र त्या थोड्या वेळात चालू असलेले सगळे प्रोग्राम थोपवावे लागतात, उपकरणे ठरावीक क्रमाने बंद करावी लागतात, एक सोडून बाकीचे प्रोसेसर बाजूला काढावे लागतात आणि शेवटचे पाऊल फर्मवेअरच्या हाती सोपवावे लागते. जागे होताना हे सगळे उलट्या क्रमाने, काहीही न हरवता, पुन्हा उभे करायचे असते. यात एका ड्रायव्हरने चूक केली तरी अख्खे यंत्र काळ्या पडद्यावर अडकते. त्या क्षणी पडदा, डिस्क, नेटवर्क सगळेच बंद असते, त्यामुळे चूक कुठे झाली याची नोंद ठेवायलाही जागा उरत नाही.

म्हणून लिनक्समध्ये सस्पेंडसाठी कोणी पॅच पाठवला की तो तपासणाऱ्यापुढे वेगळाच पेच उभा राहतो. इतर बराचसा कोड वाचून, चालवून, चाचण्या लावून पारखता येतो. इथे कोड बरोबर आहे की नाही, हे बहुतेकदा तपासणाऱ्याकडे नसलेल्या यंत्रावर ठरते. मग पॅच कशाच्या बळावर स्वीकारायचा? रचना निर्दोष दिसते म्हणून, की कोणाच्या तरी लॅपटॉपवर तो चालला म्हणून? वीस वर्षांहून अधिक काळ कर्नेलचे विकसक या प्रश्नाशी झगडत आहेत. तो वाद कुठून निघाला आणि आज कुठे येऊन ठेपला आहे, ते इथे मांडतो.

बायोसकडून कर्नेलकडे

१९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एपीएम ही पद्धत आणली, तेव्हा यंत्र झोपवण्याचे मुख्य काम बायोस करत असे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआयची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली आणि जबाबदारी फिरली. कुठले उपकरण केव्हा बंद करायचे हे आता ऑपरेटिंग सिस्टिमने ठरवायचे होते. फर्मवेअरने त्यासाठी तक्ते आणि छोट्या आज्ञावली पुरवायच्या आणि कर्नेलने त्या वाचून चालवायच्या, अशी ही वाटणी होती. रॅम जिवंत ठेवून बाकी सगळे बंद करायची अवस्था ती ‘एस-३’, आणि रॅममधला मजकूर डिस्कवर उतरवून वीज पूर्ण तोडायची ती ‘एस-४’. पहिलीला आपण सस्पेंड म्हणतो, दुसरीला हायबरनेशन.

कागदावर ही वाटणी स्वच्छ होती. प्रत्यक्षात लॅपटॉप बनवणारे आपले फर्मवेअर विंडोजवर तपासून बाजारात आणत आणि विंडोज ज्या क्रमाने आज्ञा देते त्याच क्रमाने ते नीट चाले. फर्मवेअर ‘तू लिनक्स आहेस का?’ असे विचारू शकते; एकेकाळी कर्नेल त्याला होकारार्थी उत्तर देई. त्यातून काही यंत्रांवर न तपासलेल्या वाटा उघडत, म्हणून २००८ च्या सुमारास हा होकार बंद करण्यात आला. प्रमाणग्रंथात काय लिहिले आहे आणि यंत्र खरोखर काय करते, या दोहोंतली दरी पुढच्या जवळजवळ प्रत्येक वादाच्या मुळाशी आहे.

लिनक्समध्ये हायबरनेशनचा पहिला कोड गाबोर कुती यांनी सुरू केला. पावेल माखेक यांनी तो पुढे नेला आणि २००२ मध्ये २.५ या विकासमालिकेत तो दाखल झाला. त्याच सुमारास पॅट्रिक मोशेल यांनी उपकरणांची एकसंध रचना कर्नेलमध्ये आणली. यूएसबीचा माउस झोपवल्यावरच त्याचा कंट्रोलर झोपवायचा, कंट्रोलरनंतर त्याची बस, हा क्रम पाळायचा तर कोण कोणावर अवलंबून आहे हे कर्नेलला ठाऊक हवे. ही रचना करण्यामागे वीजव्यवस्थापन हेच एक मोठे कारण होते.

एकगठ्ठा पॅचची कहाणी

पहिला मोठा संघर्ष हायबरनेशनवरूनच झाला. नायजेल कनिंगहॅम यांनी मूळ कोडातून एक वेगळी शाखा वाढवली. आधी ‘सॉफ्टवेअर सस्पेंड २’ आणि नंतर ‘टक्सऑनआइस’ या नावांनी ती ओळखली गेली. मजकूर दाबून लहान करणे, प्रगती दाखवणारा पडदा, मध्येच रद्द करण्याची सोय, अशा गोष्टी तिच्यात मुख्य कर्नेलच्या आधी होत्या आणि वापरणारे तिच्यावर खूश होते. तरीही ती मुख्य कर्नेलमध्ये कधीच आली नाही.

तिच्या बाजूचा युक्तिवाद सरळ होता. जे लोकांच्या यंत्रांवर आज चालते आहे, ते बाहेर ठेवून कमी चालणारे आत का ठेवायचे? विरुद्ध बाजूचे म्हणणेही पोकळ नव्हते. हा प्रचंड कोड आधीपासून असलेल्या कोडाला समांतर उभा होता, तो लहान तुकड्यांत तपासता येत नव्हता आणि पडदा रंगवण्यासारखी कामे कर्नेलच्या आत नकोत, असे पावेल माखेक आणि इतरांचे मत होते. पडदा आणि मजकुराची दाब-उघड कर्नेलबाहेर नेणारा मार्ग रफाएल वायसोत्स्की आणि माखेक यांनी मांडला आणि तो २००६ मध्ये २.६.१७ या आवृत्तीत आला. गंमत म्हणजे मजकूर दाबण्याची सोय २०११ मध्ये २.६.३७ या आवृत्तीत थेट कर्नेलच्या आतच आली, पण छोट्या, स्वतंत्रपणे वाचता येणाऱ्या पॅचच्या रूपाने.

या प्रकरणात कनिंगहॅम यांच्यावर अन्याय झाला असे म्हणणारे आजही भेटतात, आणि त्यांच्या कामाची कदर करायलाच हवी. माझा निष्कर्ष मात्र परीक्षकांच्या बाजूने झुकतो. सस्पेंडमध्ये काही बिघडले की कोणत्या बदलामुळे बिघडले हे शोधायचा खात्रीचा मार्ग बहुधा एकच असतो : बदलांची साखळी अर्धी-अर्धी करत दोषी बदलापर्यंत पोहोचणे. अख्खे काम एकाच गठ्ठ्यात आले की हा मार्गच बंद होतो.

गोठवायचे की नाही

२००७ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी वेगळाच मुद्दा लावून धरला. सस्पेंड आणि हायबरनेशन एकाच कोडवाटेने का जातात? हायबरनेशनला रॅमचे एका क्षणाचे सुसंगत चित्र लागते, म्हणून सगळे प्रोग्राम गोठवणे भाग आहे. साध्या सस्पेंडला अशा चित्राची गरज नाही, तिथे ड्रायव्हरांनीच आपापली कामे थांबवावीत, असे त्यांचे म्हणणे होते. गोठवण्यात धोकाही होता. एखादा प्रोग्राम डिस्कच्या किंवा नेटवर्कच्या उत्तराची वाट पाहत अडकला असेल आणि ते उत्तर देणारा दुसरा प्रोग्राम आधीच गोठला असेल, तर पहिला कधीच गोठत नाही. कर्नेल अशा वेळी २० सेकंद थांबते आणि मग सस्पेंडच रद्द करते.

वायसोत्स्की आणि माखेक यांची बाजू व्यवहाराची होती. शेकडो ड्रायव्हर लिहिणाऱ्यांपैकी प्रत्येकजण ‘झोपत असताना नवी मागणी आली तर काय’ याचा नीट विचार करेल, अशी आशा ठेवणे धोक्याचे. प्रोग्राम गोठलेले असले की ड्रायव्हरला शांतता मिळते. शेवटी दोन्ही बाजूंचे काही-काही टिकले. गोठवणे राहिले, पण ड्रायव्हरांनी पुरवायची फंक्शने वेगळी झाली. २००८ पासूनच्या नव्या रचनेत झोपणे-उठणे, चित्रासाठी थांबणे-सुटणे आणि वीज तोडणे-परत उभे राहणे अशा जोड्या स्वतंत्र आल्या. तपासणाऱ्याचे काम यामुळे एका अर्थाने सोपे झाले, कारण कोणते फंक्शन कोणत्या प्रसंगी बोलावले जाईल याचा आता लेखी करार होता.

अँड्रॉइडचा झोपेचा प्रश्न

या क्षेत्रातला सर्वांत गाजलेला वाद अँड्रॉइडच्या ‘वेकलॉक’चा. गूगलचे आर्वे ह्योनेवोग यांनी २००९ च्या सुरुवातीला हे पॅच पाठवले. अँड्रॉइडची कल्पना अशी की फोन एरवी झोपलेलाच असावा. ज्याला काम आहे त्याने तेवढ्यापुरते ‘झोपू नकोस’ म्हणून कुलूप लावावे आणि काम झाले की काढावे. त्यामुळे एखादे बेशिस्त ॲप प्रोसेसर विनाकारण फिरवत राहिले तरी बॅटरी वाचते.

ॲलन कॉक्स, थॉमस ग्लाइक्सनर यांच्यासारख्या अनुभवी मंडळींनी आक्षेप घेतले. कर्नेल रिकामे असताना प्रोसेसर आणि उपकरणे आपोआप खोल विश्रांतीत जावीत हा खरा मार्ग. कुलपे लावल्याने बेशिस्त ॲपवर फक्त पांघरूण पडते. शिवाय ड्रायव्हर-ड्रायव्हरमध्ये या कुलपांच्या हाका पसरणार, आणि एकदा वापरकर्त्याच्या प्रोग्रामांसाठी ही सोय उघडली की ती कायमची सांभाळावी लागणार. नाव बदलून ‘सस्पेंड ब्लॉकर’ केले, २०१० मध्ये पॅचच्या अनेक आवृत्त्या आल्या, तरी एकमत झाले नाही. कर्नेलमध्ये तात्पुरते, तपासणीसाठी ठेवलेले अँड्रॉइडचे ड्रायव्हर त्याच वर्षी २.६.३३ मधून काढूनही टाकण्यात आले.

कोंडी फुटली ती ‘कुलूप हवे की नको’ हा प्रश्न बाजूला ठेवल्यावर. वायसोत्स्की यांनी वादातला एक निर्विवाद दोष वेगळा काढला. झोपण्याचा निर्णय झाला आणि नेमक्या त्याच क्षणी फोन वाजला, तर ती जागे करणारी घटना हरवू शकते. अँड्रॉइड असो वा नसो, हा दोष प्रत्येक यंत्राचा होता. जागे करणाऱ्या घटनांची मोजणी करणारी साधी यंत्रणा २०१० मध्ये २.६.३६ या आवृत्तीत आली. तिच्यावर आधारित आपोआप झोपण्याची सोय आणि वेकलॉकसारखा दरवाजा २०१२ मध्ये ३.५ मध्ये आला. पॅच पाठवणाऱ्याने सुचवलेला उपाय आणि त्याने दाखवलेली अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि उपाय नाकारतानाही अडचण मान्य करता येते, हे या प्रकरणाने तपासणाऱ्यांना शिकवले. हे शिकायला मात्र तीन वर्षे लागली आणि त्या काळात विकसकांचे दोन गट एकमेकांना बरेच दुरावले.

तपासणारा आज काय पाहतो

मोठा वाद वर्षातून एखादा. रोजचे काम ड्रायव्हरांच्या छोट्या पॅचचे, आणि खरे कसब तिथेच लागते. झोपण्याच्या वाटेवर आज चार पायऱ्या आहेत : तयारी, मुख्य झोप, उशिराची पायरी आणि इंटरप्ट बंद झाल्यानंतरची शेवटची पायरी. उठताना त्यांच्याच चार उलट्या पायऱ्या. कोणते काम कोणत्या पायरीवर ठेवले आहे, हा पहिला प्रश्न असतो. एकच इंटरप्ट दोन उपकरणांनी वाटून घेतली असेल तर एक झोपल्यावरही दुसऱ्यासाठी हाक येते आणि पहिल्याचा ड्रायव्हर वीज नसलेल्या उपकरणाची रजिस्टरे वाचू लागतो. वाचलेले सगळे बिट १ येतात. ते खरे मानणारा कोड तिथेच फसतो.

दुसरा नेहमीचा सापळा फर्मवेअरचा. उठताना वायफाय कार्डाला फर्मवेअर पुन्हा भरायचे आहे, ते डिस्कवर आहे आणि ते आणून देणारा प्रोग्राम अजून गोठलेला. २०१२ मध्ये ३.७ या आवृत्तीत झोपण्यापूर्वीच फर्मवेअर रॅममध्ये साठवण्याची सोय आली, आणि कितीतरी ड्रायव्हरांमधली हाताने केलेली ठिगळे अनावश्यक झाली. मेमरी मागण्याचेही तसेच. झोपेच्या वाटेवर मेमरी मागितली आणि ती मोकळी करण्यासाठी कर्नेलने आधीच झोपलेल्या डिस्कवर लिहायला घेतले, तर यंत्र तिथेच थिजते. म्हणून त्या काळात अशी मागणी मध्यवर्ती पातळीवरच अडवली जाते. यंत्र झोपायच्या आधीच उपकरण स्वतःहून विश्रांतीत गेलेले असेल तर त्याला उठवून पुन्हा झोपवायचे का? २०१४ मध्ये ३.१६ ने अशा उपकरणाला तसेच राहू देण्याची वाट काढली, पण ती ड्रायव्हरने योग्य अटींवर घेतली आहे का, हे तपासणाऱ्यालाच पाहावे लागते.

या सगळ्यांतून एक मत बळावले आहे, आणि मला ते पटते : तपासणाऱ्याने पुन्हापुन्हा पकडलेली चूक शक्य तिथे कोडाच्या चौकटीतच अशक्य करावी. त्याचे छोटे पण चांगले उदाहरण २०२२ मधल्या ५.१७ आवृत्तीतले आहे. त्याआधी सस्पेंड बंद ठेवून कर्नेल बांधले की न वापरलेल्या फंक्शनांबद्दल इशारे येत आणि ते टाळण्यासाठी ड्रायव्हरांमध्ये अटींच्या ओळी घुसवाव्या लागत. त्या चुकत आणि कोणाच्या तरी बांधणीत कर्नेल मोडे. नव्या मॅक्रोंनी हा प्रकारच संपवला.

याच्या उलट बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. चौकट जितकी हुशार, तितकी ती समजायला अवघड. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला आता एक साधे फंक्शन लिहिण्यापूर्वी बसची फंक्शने, डोमेनची फंक्शने, उपकरणांमधले अवलंबनाचे दुवे आणि विश्रांतीच्या अटी माहीत असाव्या लागतात. नवख्याला हा जाच वाटतो. उपकरणे एकाच वेळी समांतरपणे झोपवण्याची योजना २००९ अखेरीस आली, तेव्हा टॉरव्हाल्ड्स यांनी तिची पहिली रचना याच कारणाने नाकारली. साधी केलेली आवृत्ती २०१० मध्ये २.६.३४ मध्ये आली.

पुरावा म्हणजे काय

रचना वाचून कळते, वागणे यंत्रावर कळते. त्यासाठी साधने हळूहळू वाढली. २००६ मध्ये टॉरव्हाल्ड्स यांनी एक विलक्षण युक्ती आणली. यंत्र अडकल्यावर सक्तीने पुन्हा सुरू केले तरी टिकून राहणारी जागा म्हणजे घड्याळाची चिप. तेव्हा प्रत्येक टप्प्याची खूण तिथेच लिहायची. पुन्हा सुरू केल्यावर तारीख-वेळ विस्कटलेली दिसते, पण त्यातून अडकलेल्या उपकरणाचे नाव कर्नेल शोधून देते. पुढे पाच पातळ्यांवर चाचणी घेण्याची सोय आली. ठरवलेल्या पातळीपर्यंत झोपायचे, पाच सेकंद थांबायचे आणि परत फिरायचे. इंटेलने उपकरणागणिक लागलेला वेळ आलेखात दाखवणारे साधन दिले, आणि इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरांचे पॅच खऱ्या यंत्रांवर आपोआप झोपवून-उठवून तपासले जातात.

तरीही पुरावा नसलेले पॅच येतच राहतात. २०२० मध्ये एका मार्गदर्शन-कार्यक्रमातून जुन्या पीसीआय ड्रायव्हरांचा सस्पेंडचा कोड नव्या पद्धतीत आणण्याचे मोठे काम झाले. त्यांतली कितीतरी उपकरणे बाजारातून कधीच गेलेली, तपासणाऱ्यांकडे नाहीत आणि पॅच लिहिणाऱ्याकडेही नाहीत. त्या पॅचवर प्रामाणिकपणे नोंद होती : फक्त बांधणी करून पाहिली आहे. असे पॅच घ्यावेत का? एक मत म्हणते, जुनी पद्धत शिल्लक ठेवली तर मध्यवर्ती कोड कधीच स्वच्छ होणार नाही, आणि बदल यांत्रिक असल्यामुळे बारकाईने वाचून पुरेशी खात्री होते. दुसरे म्हणते, चालणाऱ्या ड्रायव्हरला न तपासता हात लावणे हाच अविचार. कोड सांभाळणाऱ्या मेंटेनरांनी ड्रायव्हर पाहून वेगवेगळे निर्णय घेतले, आणि मला तेच शहाणपणाचे वाटते.

न मिटलेले प्रश्न

२०१३ मध्ये ३.९ या आवृत्तीत फर्मवेअरची मदत न घेता झोपण्याची अवस्था आली. तीत प्रोसेसर फक्त रिकामा ठेवायचा आणि उपकरणे विश्रांतीत घालायची. विंडोजनेही हीच दिशा धरली तसे अनेक नव्या लॅपटॉपमधून एस-३ नाहीसे झाले. या बदलाने तपासणीचा अर्थच पालटला. पूर्वी चूक म्हणजे काळा पडदा. आता यंत्र व्यवस्थित उठते, पण पिशवीत गरम झालेले आणि बॅटरी संपत आलेली असते. एक उपकरण चुकीच्या अवस्थेत राहिले तरी अख्खा प्रोसेसर खोल झोपेत जात नाही. एनव्हीएमई डिस्कांचे उदाहरण बोलके आहे. २०१९ मध्ये ५.३ मध्ये अशा झोपेत डिस्क बंद न करता तिच्याच कमी विजेच्या अवस्थेत ठेवायचे ठरले. काही यंत्रांवर तेच बरोबर होते, काहींवर डिस्क पूर्ण बंद करणे बरोबर होते. शेवटी फर्मवेअरमधली खूण पाहून निर्णय घ्यावा लागला. इथे दोन्ही पॅच ‘बरोबर’ होते, फक्त वेगवेगळ्या यंत्रांवर.

त्यातून दुसरा प्रश्न निघतो. कर्नेलचा नियम आहे की आधी चालणारे यंत्र नव्या आवृत्तीत मोडता कामा नये. दहा मॉडेलांना दुरुस्त करणारा पॅच अकराव्याला मोडत असेल तर तो मागे घ्यायचा. गोठणारे यंत्र मोडले हे स्पष्ट असते. रात्रीत दोन टक्क्यांऐवजी आठ टक्के बॅटरी खाणारे यंत्र मोडले म्हणायचे का? अपवादांच्या याद्या करून मॉडेलनिहाय वागणूक बदलता येते, पण त्या याद्या वाढतच जातात आणि त्यांतली नोंद काढायची हिंमत कोणी करत नाही.

झोपण्यापूर्वी डिस्कवर सगळे लिहून टाकायचे की नाही, यावर २०१५ च्या सुमारास फाइल-सिस्टिमवाले आणि वीजव्यवस्थापनवाले समोरासमोर आले. विदा सुरक्षित राहावा हे एकाचे म्हणणे, तासाला कितीदा तरी झोपणाऱ्या यंत्राला हा उशीर परवडत नाही हे दुसऱ्याचे. पर्याय ठेवून वाद थांबला, मिटला नाही. २०१९ च्या ५.४ पासून सुरक्षेचे कडक कुलूप लावलेल्या कर्नेलमध्ये हायबरनेशन बंदच असते, कारण डिस्कवरचे चित्र कोणी बदलले नाही याची खात्री देता येत नाही. ती खात्री देणारे प्रस्ताव येऊन गेले, सर्वमान्य तोडगा अजून नाही.

आणि या सगळ्याच्या तळाशी माणसांचा तुटवडा आहे. सस्पेंडचा पॅच वाचायला वीजव्यवस्थापनाचे आणि त्या उपकरणाचे, अशी दोन्ही ज्ञाने लागतात. ती एकत्र असलेले लोक थोडे आणि त्यांच्यावरचा भार मोठा. पण पुराव्याच्या बाजूने मदत करायला कर्नेलचा तज्ज्ञ असावे लागत नाही. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत निरनिराळ्या वर्षांची, निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे असतात. विद्यार्थ्यांनी त्यांवर प्रत्येक नव्या कर्नेलची चाचणी-आवृत्ती चालवावी, यंत्र झोपवून-उठवून पाहावे, आणि बिघडले तर मॉडेल, बायोसची आवृत्ती, शेवटचे नीट चाललेले कर्नेल आणि शोधून काढलेला दोषी बदल हे सगळे मेंटेनरला कळवावे. नीट चालले तर तेही कळवावे; पॅचखाली तपासणाऱ्याच्या नावाची ओळ घालण्याची पद्धत कर्नेलमध्ये आहे, आणि सस्पेंडच्या पॅचखाली तिची गरज सर्वांत जास्त आहे.